‘सीरियलायझेशन’ला मराठीत काय म्हणावे?

नांदेडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने विचारले आहे की, प्रोग्रॅममधल्या ऑब्जेक्टचे (म्हणजे एकत्र बांधलेल्या माहितीच्या गठ्ठ्याचे) जेसनसारख्या (JSON, माहिती मजकूररूपात लिहिण्याची एक पद्धत) मजकुरात रूपांतर करणे आणि त्या मजकुरातून पुन्हा ऑब्जेक्ट तयार करणे, म्हणजेच सीरियलायझेशन आणि डीसीरियलायझेशन, यांना मराठीत काय म्हणावे. त्यांनी ‘क्रमिकीकरण’ आणि ‘विक्रमिकीकरण’ हे शब्द वापरून पाहिले, पण दुसऱ्या शब्दातला ‘विक्रम’ ऐकून वर्गात हशा पिकला.

हशा सोडला, तरी ‘क्रम’ इथे दिशाभूलच करतो, कारण जेसनमधल्या ऑब्जेक्टमध्ये नाव आणि मूल्य यांच्या जोड्या कोणत्या क्रमाने येतात याला अर्थ नसतो. ‘मालिकीकरण’ म्हणावे, तर संध्याकाळी घरोघरी लागणारी मालिका आठवते. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत याच जातीच्या, पण मजकूर न वापरणाऱ्या एका सोयीला ‘पिकल’ म्हणतात. ते नाव मराठीत आणण्याचा मोह टाळावा, कारण लोणच्यातून कोणालाही कोरी कैरी परत मिळालेली नाही.

मूळ शब्दाकडे गेल्यास वाट सापडते. ‘सीरिज’ हा शब्द ज्या लॅटिन धातूवरून आला त्याचा अर्थ जोडणे, गुंफणे असा आहे, आणि जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत २००९ च्या आवृत्तीपासून या कामासाठी जे फंक्शन आहे त्याचे नाव ‘स्ट्रिंगिफाय’, म्हणजे जवळजवळ ‘दोऱ्यात घाल’. आपल्याकडे यासाठी ‘ओवणे’ हे क्रियापद तयारच आहे. जात्यावरच्या ओवीचे नावही त्यावरूनच पडले असे मानतात. संगणकाच्या स्मृतीत ऑब्जेक्टचे भाग विखुरलेले असतात आणि एकमेकांना पत्त्यांनी जोडलेले असतात. ते पत्ते दुसऱ्या यंत्रावर निरर्थक ठरतात, म्हणून सगळे भाग एका सलग ओळीत ओवून पाठवावे लागतात. दोन ऑब्जेक्ट एकमेकांकडेच बोट दाखवत असतील, तर सुई फिरून पुन्हा त्याच मण्यात शिरते, आणि ‘स्ट्रिंगिफाय’ चूक दाखवून थांबते. इतकी चपखल बसणारी उपमा ‘क्रमिकीकरणा’त नाही.

परतीच्या क्रियेला मात्र ‘उसवणे’ चालणार नाही, कारण त्यात मोडतोड आहे. ‘उकलणे’ बरे वाटते, पण तेही अपुरे आहे. मोंढ्यातल्या आडतीवरची सोयाबीनची एक हिशोबपट्टी घ्या. प्रोग्रॅममध्ये त्या ऑब्जेक्टला शेतकऱ्याचे नाव, क्विंटलमधले वजन आणि तारीख असे तीन भाग आहेत. जेसनमध्ये अक्षरओळ (स्ट्रिंग), संख्या, खरे-खोटे, रिक्त, यादी आणि ऑब्जेक्ट एवढेच प्रकार आहेत. तारीख हा प्रकारच नाही. त्यामुळे जावास्क्रिप्टमध्ये तारीख ओवताना तिची अक्षरओळ होते आणि उकलल्यावर अक्षरओळच हाती येते. तिला ‘त्या दिवशी वार कोणता होता’ असे विचारले, तर उत्तर मिळत नाही. पायथॉन त्याहून कडक आहे आणि सांगून ठेवले नसेल तर तारीख ओवायलाच नकार देतो. वजनाचीही एक गंमत आहे: ते देवनागरी अंकांत लिहिले तर जेसन त्याला संख्या मानत नाही, आणि अवतरणचिन्हांत घातले तर ती बेरजेला निरुपयोगी अक्षरओळ होते.

म्हणून मजकूर वाचून त्याची घटकवार फोड करणे, ज्याला प्रोग्रॅमर ‘पार्स करणे’ म्हणतात, त्याला ‘उकल’ म्हणावे, आणि उकललेल्या घटकांतून तारखेला तारीखपण देत मूळ ऑब्जेक्ट पुन्हा उभे करण्याला ‘उभारणी’ म्हणावे, असे मी सुचवतो. ‘ओवणी’ आणि ‘उभारणी’ ही जोडी फळ्यावर लिहायलाही सुटसुटीत आहे: ‘पट्टी ओवून सर्व्हरकडे पाठवली आणि तिथे तिची उभारणी केली.’ टिपणांत पहिल्या उल्लेखाला ‘सीरियलायझेशन, म्हणजे ओवणी’ असे लिहावे आणि पुढे एकटी ‘ओवणी’ चालवावी; तोंडी परीक्षेत कोणी ‘जेसन करून पाठवलं’ म्हणाले, तर त्याचे गुण कापू नयेत.