मर्यादा पाळणं वेगळं, मर्यादा घालणं वेगळं

प्रश्न असा आलाय की कॉम्प्युटरवर डिफरन्शियल इक्वेशन (एखादी गोष्ट किती वेगाने बदलते ते सांगणारं समीकरण) सोडवताना उत्तर शून्याखाली घसरू नये (वजन, लोकसंख्या, रसायनाचं प्रमाण उणे असू शकत नाही) म्हणून जे करतात, त्याला 'सीमित करणे' म्हणावं की 'मर्यादित करणे'?

माझं मत, दोन्ही नको. सीमा गणितात आधीच दोन कामांना जुंपलीय, कॅल्क्युलसमधली लिमिटही सीमा आणि बाउंड्री कंडिशनलाही सीमा-अट. आणि मर्यादित म्हटलं की 'मर्यादित जागा' आठवतात, म्हणजे थोडकं, मोजकं. इथे उत्तर कमी करायचं नाहीये, ताळ्यावर ठेवायचंय.

पण मर्यादा हे नाम झकास आहे, कारण त्याच्याबरोबर क्रियापद बदललं की अर्थ बदलतो आणि नेमका तोच फरक इथे हवाय. समजा अ या पदार्थाचं ब होतंय, वेग 50 गुणिले अ. सुरुवातीला अ = 1, ब = 0. साध्या ऑयलर पद्धतीने (वेळेचे छोटे तुकडे, म्हणजे पायऱ्या पाडून, प्रत्येक पायरीत सुरुवातीचाच वेग धरणारी) 0.05 ची पायरी घेतली की अ होतो 1 − 2.5 = −1.5 आणि ब 2.5. बेरीज 1 च आहे, पण अ उणे! आता बरेच जण काय करतात, उणे दिसला की शून्य लिहून मोकळे. झालं, बेरीज 2.5, म्हणजे दीडपट माल हवेतून आला. ही झाली मर्यादा घालणं, किंवा स्पष्टच बोलायचं तर छाटणं. मी तरी 'छाटणे'च वापरेन, त्यात नुकसान झाल्याचं ऐकू येतं.

याउलट मागची ऑयलर, म्हणजे वेग पायरीच्या शेवटच्या अ वरून काढणारी, घेतली तर अ = 1/3.5 म्हणजे साधारण 0.286, ब 0.714. काही छाटावं लागलं नाही, बेरीजही जागेवर, पायरी कितीही मोठी घ्या इथे अ उणे होणारच नाही (अचूकता मात्र पायरी वाढली की घटते, खरं उत्तर 0.082 आहे). ही मर्यादा पाळणारी पद्धत.

कुणीतरी 'धनरक्षक पद्धत' (उत्तर उणे होऊ न देणारी, या अर्थी) सुचवलंय, अर्थ बरोबर आहे हो, पण ऐकून तिजोरीपुढे बंदूक घेऊन बसलेला माणूस डोळ्यासमोर येतो. शिवाय 0 ते 1 मधल्या वाट्याला वरचीही मर्यादा असते, तिथे धन-ऋण कामाला येत नाही.