हवे ते भाग काढता-घालता येणारा मॉड्युलर स्मार्टफोन व्यवहार्य आहे का?

आपला प्रश्न असा आहे की कॅमेरा, बॅटरी, प्रोसेसर, स्पीकर हे सगळे भाग आपापल्या गरजेप्रमाणे निवडून बसवता येतील असा फोन व्यवहारात टिकेल का, आणि टिकणार असेल तर कंपन्या तो का बनवत नाहीत. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतल्यापासून मी परभणीत मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवतो, त्यामुळे माझे उत्तर उघडलेल्या फोनवरून आलेले आहे. प्रत्येक भाग बदलता येणारा फोन मला व्यवहार्य वाटत नाही. मात्र लवकर झिजणारे तीन-चार भाग तालुक्याच्या दुकानात अर्ध्या तासात बदलून मिळतील असा फोन पूर्णपणे शक्य आहे, आणि तो आपल्या हक्काचा आहे असे मी मानतो.

आपण म्हणता तसा फोन बनवण्याचा मोठा प्रयत्न होऊन गेला आहे. सप्टेंबर 2013 मध्ये डेव्ह हक्केन्स या डच डिझायनरने 'फोनब्लॉक्स' या नावाने ही कल्पना मांडली आणि पुढच्याच महिन्यात, तेव्हा गूगलच्या मालकीच्या असलेल्या मोटोरोलाने 'प्रोजेक्ट आरा' जाहीर केला. एक सांगाडा घ्यायचा आणि त्यावर चुंबकाने धरून राहणारे चौकोनी भाग हवे तसे बसवायचे, अशी ती रचना होती. 2015 मध्ये प्यूर्टो रिकोत प्रायोगिक विक्री व्हायची होती, ती झाली नाही. मे 2016 मध्ये जे सुधारित रूप दाखवले गेले त्यात प्रोसेसर, स्क्रीन, बॅटरी आणि अँटेना सांगाड्यातच कायमचे बसवलेले होते आणि बदलण्यासाठी सहा जागा राखल्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. प्रकल्प बंद झाला यापेक्षा मे महिन्यातला तो बदल मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण फोनचे हृदय वेगळे करता येत नाही हे खुद्द बनवणाऱ्यांनीच त्यातून मान्य केले होते.

हे वेगळे का करता येत नाही, याची कारणे भौतिक आहेत. बहुतेक स्मार्टफोनमध्ये रॅमची, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीची, चिप प्रोसेसरच्या डोक्यावरच बसवलेली असते, कारण त्या दोघांमध्ये दर सेकंदाला अब्जावधी बिटांची देवाणघेवाण चालते आणि अंतर वाढले, मध्ये कनेक्टर आला, की वेग घटतो आणि वीज जास्त लागते. शिवाय प्रत्येक सुट्या भागाला स्वतःचे कवच, स्वतःच्या पिना आणि मुख्य बोर्डाशी बोलणारी स्वतःची चिप लागते. ही सगळी जागा शेवटी बॅटरीच्या वाट्यातून जाते. रेडिओचा, म्हणजे नेटवर्कच्या लहरी पकडणाऱ्या आणि सोडणाऱ्या भागाचा, प्रश्न तर आणखी अवघड आहे. अँटेनाच्या शेजारचा भाग बदलला की तिचे वागणे बदलते, आणि शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींची भारतातली मर्यादा (1 ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून किलोमागे 1.6 वॅट) पाळायची तर भागांची किती जुळणी तपासणार? उघड्या पिनांबद्दल वेगळे सांगायला नको. चार्जिंग जॅकमध्ये घट्ट बसलेली काळी माती आणि कापसाचे तंतू सुईने कोरून काढणे हे आमच्याकडे हंगामातले रोजचे काम आहे. असे सहा-सात जोड फोनच्या अंगावर असतील तर त्यांचे काय होईल हे मला नीट दिसते.

2016 मध्येच एलजी जी5 आणि मोटो झेड हे अर्धवट मॉड्युलर फोन बाजारात आले. जी5 चा खालचा तुकडा ओढला की बॅटरीही बाहेर येई आणि फोन बंद पडे. पुढच्या वर्षीच्या जी6 मध्ये कंपनीने ही सोय काढूनच टाकली. मोटो झेडच्या पाठीवर स्पीकर, प्रोजेक्टर, जादा बॅटरी चिकटवता येत असे, पण जुने तुकडे नव्या फोनला बसावेत म्हणून पुढच्या प्रत्येक फोनचा आकार आणि पिनांची जागा तीच ठेवावी लागली. ग्राहकाने एकदा हौसेने तुकडा घेतला तरी दुसरा घेण्याचे कारण त्याला सापडत नव्हते.

आता दुसरी बाजू, जिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. आज बाजारात मिळणारा कोणताही साधा अँड्रॉइड फोन उघडून पाहा. मागचे झाकण गरम करून उचलले आणि बारीक स्क्रू काढले की आत बॅटरी, कॅमेरा, स्पीकर, चार्जिंगचा छोटा बोर्ड आणि स्क्रीन-टचचा जोड, म्हणजे आम्ही ज्याला कॉम्बो म्हणतो तो, हे सगळे वेगवेगळेच असतात आणि पातळ पट्ट्यांनी मुख्य बोर्डाला नुसते टिचकीसरशी जोडलेले असतात. फोन आतून मॉड्युलर आहेच! अडथळा आहे तो डिंकाचा, सुट्या भागांच्या किमतीचा आणि सॉफ्टवेअरच्या कुलपांचा, म्हणजे बदललेला भाग फोनने नीट चालवू नये अशा सोयीचा. फुगलेली बॅटरी चौकटीला चिकटवलेली असते. ती कडेने पातळ कार्ड सरकवत, न वाकवता, न टोचता सोडवावी लागते, कारण आतला थर फाटला तर धूर निघून पेट घेऊ शकतो. दोन स्क्रूंवर बसवता आली असती अशी वस्तू डिंकाने चिकटवायची आणि मग तिची दुरुस्ती धोक्याची आहे असे ग्राहकाला सांगायचे, हे मला मान्य नाही. बैलगाडीच्या चाकाची धाव झिजली तर कोणी नवी गाडी करत नाही, धाव बदलतात.

आपल्या भागात हा प्रश्न हौसेचा नाही. उन्हाळ्यात पारा 42 अंशांच्या पुढे जातो आणि उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेले बीडकडचे जोडपे फोन घेऊन येते तेव्हा गावी ठेवलेल्या लेकरांशी बोलण्याचे तेवढेच साधन त्यांच्याकडे असते, आणि बॅटरीसाठी चार दिवस थांबायला त्यांना सवड नसते. 2021 पासून ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद ॲपमधून करण्यासाठी, शेतकऱ्याला स्वतः वावरात उभे राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. कॅमेरा बिघडला की त्याची नोंद अडते. कॉम्बोची किंमत जुन्या फोनच्या बाजारभावाइतकी निघते, आणि बाकी सगळा फोन ठणठणीत असताना तो कपाटात जाऊन पडतो.

हे चित्र बदलता येते याचा पुरावा नेदरलँड्समधल्या फेअरफोन या कंपनीने दिला आहे. 2015 च्या फेअरफोन 2 पासून तिचे फोन साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडतात. 2020 मध्ये फेअरफोन 3 च्या मालकांना नवा, जास्त चांगला कॅमेरा विकत घेऊन घरीच बसवता आला. प्रोसेसर मात्र त्यांनीही बोर्डावरच ठेवला, आणि ते योग्यच आहे. चिप बनवणाऱ्या क्वालकॉमने फेअरफोन 2 च्या प्रोसेसरसाठी नवे सॉफ्टवेअर देणे थांबवल्यावरही कंपनीने स्वतः खपून त्याला अँड्रॉइड 10 पर्यंत नेले. हे मला स्क्रूंइतकेच मोलाचे वाटते, कारण अपडेट थांबल्यावर बँकेचे ॲप चालेनासे झाले तर चांगल्या बॅटरीचा उपयोग तरी काय? हा फोन महाग आहे आणि प्रामुख्याने युरोपातच विकला जातो, हेही खरे.

म्हणूनच मी कंपन्यांच्या सद्‌बुद्धीपेक्षा कायद्यावर अधिक विसंबतो. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून स्मार्टफोनचे महत्त्वाचे सुटे भाग, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे उपलब्ध ठेवणे बंधनकारक झाले आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये 'राईट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) हे पोर्टल सुरू केले आणि फोन दुरुस्तीला किती सोपा आहे याचे गुण देणाऱ्या निर्देशांकासाठी समितीही नेमली. हे गुण खोक्यावर किमतीशेजारी छापले गेले पाहिजेत असा माझा आग्रह आहे.

तोवर आपण फोन घेणार असाल तर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारण्याआधी त्याच मॉडेलची बॅटरी आणि कॉम्बो आपल्या जिल्ह्यात मिळतो का, केवढ्याला मिळतो आणि अपडेट किती वर्षे येणार आहेत, हे तीन प्रश्न विचारा; विक्रेत्याला उत्तर येत नसेल तर जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे जाऊन विचारा, कारण कोणत्या मॉडेलचे भाग मिळत नाहीत हे त्याला तोंडपाठ असते.