नाबोथाचा मळा आणि रामबागेतली खोली

प्रश्न: नमस्कार ताई, आमचं रामबागेत जुनं घर आहे, त्यातली एक खोली आत्याच्या नावावर. ती पाडून पार्किंग करायचंय. मार्केट रेटपेक्षा जास्त देतोय तरी आत्या नाहीच म्हणते. चुलतभाऊ म्हणतो, तू फक्त सही कर, बाकीचं मी बघतो. ऑफिसमधल्या एका ख्रिस्ती मित्राने बायबलमधली नाबोथाची गोष्ट वाचायला सांगितली. वाचली, पण राजा तर पैसे देत होता, खून राणीने करवला, मग देवाने राजाला का धरलं?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: भाऊ, राजा अहाबने नाबोथाचा मळा मागितला त्यात चूक नव्हती हे तुमचं बरोबर आहे. महालाला लागून भाजीचा मळा हवा होता, बदल्यात याहून चांगला मळा नाहीतर रोख पैसे देत होता. पण बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात देव स्वतः सांगतो की जमीन कायमची विकायची नाही, ती माझी आहे, म्हणून नाबोथ म्हणाला की वाडवडिलांचं वतन मी देणार नाही, तिथे राजाचा पैसा चालणारच नव्हता.

मग हा राजा घरी येऊन तोंड फिरवून पडला, जेवेना. राणी ईजबेल म्हणाली ऊठ, जेव, मळा मी मिळवून देते, अन् तिने अहाबच्या नावाने पत्रं लिहून त्याचाच शिक्का मारला, दोन खोटे साक्षीदार उभे करवले आणि नाबोथाला गावाबाहेर दगडांनी मारलं. मग ती म्हणाली, ऊठ, ताबा घे, नाबोथ मेला. आणि तो उठून निघाला! कालपर्यंत धडधाकट असलेला माणूस मेला कसा, एवढंसुद्धा विचारलं नाही, मी दरवेळी वाचताना इथेच थांबते.

देवाचा संदेष्टा एलीया त्याला मळ्यातच गाठतो, खून केलास आणि वर ताबाही घेतलास? राणीचं नाव नंतर येतं, आधी राजाला जाब, कारण शिक्का त्याचा होता. पुढे अहाबने पश्चात्तापाने गोणपाट नेसून उपास केला म्हणून घराण्यावरचं संकट मुलाच्या काळावर गेलं, आणि त्या मुलाचं, योरामचं प्रेत नाबोथाच्याच शेतात टाकलं गेलं, हे वाचताना मला फार जड जातं.

तुम्ही आत्याला भाव सांगितलात, पण खोली का द्यायची नाहीये हे कधी शेजारी बसून विचारलंत का? आणि चुलतभावाचं ते "बाकीचं" म्हणजे नेमकं काय, सगळा कागद आत्यासमोर वाचून दाखवेपर्यंत सही करू नका.