इंग्लंडमध्ये घरी सासूबाईंना सांभाळते, कौन्सिलकडून मला स्वतःला काही मदत मिळते का?

हो मिळते, पण मागावी लागते. कौन्सिलच्या ॲडल्ट सोशल केअरला (मोठ्यांच्या देखभालीचं खातं) फोन करून दोन असेसमेंट मागा, सासूबाईंची नीड्स असेसमेंट (त्यांना काय मदत लागते याची पाहणी) आणि तुमची केअरर्स असेसमेंट (सांभाळणाऱ्याला काय मदत लागते याची पाहणी), दोन्ही फुकट असतात आणि केअर ॲक्ट 2014 प्रमाणे तुमचा हक्क आहे, सासूबाई स्वतःची नको म्हणाल्या तरी तुमची वेगळी होते.

असेसमेंटच्या वेळी प्लीज 'चाललंय बरं' म्हणू नका, आपली ती सवयच आहे! रात्री किती वेळा उठता, नोकरीचे तास कमी केलेत का, पाठ दुखते का, सगळं सांगा, आधी आठवडाभर लिहून ठेवलंत तर उत्तम.

पैशांचं नंतर बघतात. सासूबाईंची सेव्हिंग 23,250 पाउंडच्या वर असेल तर त्यांच्या केअरचा खर्च सहसा त्यांनाच करावा लागतो, पण केअर घरीच असेल तर राहतं घर धरत नाहीत.

केअरर्स अलाउन्स (सांभाळणाऱ्याला मिळणारा भत्ता) वेगळा, तो कौन्सिल देत नाही. त्याला आठवड्याला किमान 35 तास सांभाळणं लागतं, शिवाय सासूबाईंना अटेंडन्स अलाउन्ससारखा (देखभाल लागणाऱ्या वयस्कर माणसाला मिळणारा भत्ता) बेनिफिट चालू हवा, म्हणून आधी त्यांचा फॉर्म भरा. आणि व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (म्हणजे सरकारी भत्ते घेता येणार नाहीत अशी अट) असेल तर अलाउन्सच्या फॉर्मला हात लावण्याआधी इमिग्रेशन सल्लागाराला विचारा.