कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांत ‘एथ्निक स्टडीज’ सक्तीचा असावा का?

तुमचा प्रश्न असा, की तुमची मुलगी पुढच्या वर्षी पुण्याहून कॅलिफोर्नियात येऊन नववीत जाणार आहे, तिथे ‘एथ्निक स्टडीज’ (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूळनिवासी, आशियाई अशा समाजांचा इतिहास आणि अनुभव शिकवणारा विषय) सक्तीचा झाल्याचं तुम्ही ऐकलंय आणि त्यात मुलांच्या मनात वंशावरून कडवटपणा भरतात का, भारतीय मुलांना अवघड जातं का, याची तुम्हाला धास्ती आहे. मी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, 18 वर्षं राहते. माझ्या मुलाने हा विषय नववीत केला.

आधी सक्तीचं बघू. ऑक्टोबर 2021 मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी एबी 101 या कायद्यावर सही केली. सरकारी हायस्कूलांनी 2025-26 पासून एका सेमिस्टरचा हा विषय ठेवायचा आणि 2029-30 मध्ये बाहेर पडणाऱ्या मुलांना तो केल्याशिवाय डिप्लोमा (हायस्कूल पूर्ण केल्याचा दाखला) द्यायचा नाही, असं त्यात आहे. पण मेख अशी, की राज्याने त्यासाठी पैसे मंजूर केले तरच ही सक्ती लागू होते, आणि 2025-26 च्या अर्थसंकल्पात ते पैसे दिलेच नाहीत. काही स्कूल डिस्ट्रिक्टनी (त्या त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांनी) मात्र स्वतःच्या अधिकारात विषय सक्तीचा केलाय. त्यामुळे घर कुठे घेताय, त्यावर सगळं अवलंबून आहे.

माझं मत विचाराल तर विषय सक्तीचा असावा. असं मला आधी वाटत नव्हतं.

एका संध्याकाळी मुलाने विचारलं, “आई, भगतसिंग थिंद कोण होते?” मला फक्त आपले भगतसिंग माहीत. थिंद पंजाबचे, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. नागरिकत्व तेव्हा ‘गोऱ्या’ आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळायचं. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात थिंद बसत नाहीत. मग आधी नागरिक झालेल्या भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेणं सुरू झालं. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणाऱ्या वैष्णो दास बगाईंचं असंच गेलं, आणि 1928 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क मिळाला तो थेट 1946 मध्ये. नागरिकत्वाची शपथ घेताना मी हात वर केला होता, तेव्हा यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं. सोळाव्या शतकापासूनचा अमेरिकेचा इतिहास आमच्या मुलांना शिकवतात, पण त्यात ही माणसं माझ्या मुलाला पहिल्यांदा भेटली ती याच तासाला.

आता त्याच धड्याची दुसरी बाजू. आपण गोरे आहोत हे पटवताना थिंद यांच्या बाजूने असं मांडलं गेलं होतं, की ते उच्चवर्णीय आर्य आहेत. म्हणजे जातीचा अभिमान हाच वर्णाचा पुरावा! आमच्या ओळखीतल्या काही पालकांना थिंद शिकवलेले हवे असतात, पण जातीचा उल्लेख आला की ते अस्वस्थ होतात, मुलांना वर्गात टोमणे बसतील म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही, पण उपाय चुकीचा आहे. आपल्यावर झालेला अन्याय शिकवा आणि आपल्याकडून झालेला वगळा, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांनी 1946 मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतलं साम्य दाखवलं होतं. तो पत्रव्यवहार नववीच्या वर्गात वाचला जावा असं मला मनापासून वाटतं.

विरोधकांचं सगळंच मी झटकून टाकत नाही. राज्याच्या नमुना अभ्यासक्रमाचा 2019 चा पहिला मसुदा इतका एकांगी होता की ज्यू संघटनांनी जोरदार आक्षेप घेतले, आणि बऱ्याच फेरफारांनंतर मार्च 2021 मध्ये तो मंजूर झाला. कॅलिफोर्नियातल्याच सांता आना शहरात तर अभ्यासक्रम लोकांपासून लपवून आणि ज्यूंबद्दल द्वेष बाळगून ठरवल्याच्या आरोपावरून दावा झाला, आणि 2025 मध्ये तडजोड होऊन तीन कोर्स थांबवावे लागले. माझ्या मुलाला एकदा असा वर्कशीट आला की प्रत्येक समाजापुढे ‘पीडक’ किंवा ‘पीडित’ लिहा. चौदा वर्षांच्या पोराने काय लिहायचं? मी शिक्षिकेला भेटले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या खेपेला वर्कशीटऐवजी मूळ कागदपत्रं वाचायला दिली. तिची पदवी इतिहासाची होती, त्याचा फरक पडला.

पण बंदी हा उपाय नव्हे. ॲरिझोनाने 2010 मध्ये कायदा करून तिथल्या टूसॉन शहराच्या शाळांतला मेक्सिकन-अमेरिकन अभ्यास बंद पाडला. 2017 मध्ये न्यायाधीश ताशिमा यांनी त्यामागे वांशिक आकस असल्याचा निकाल दिला. हे ताशिमा लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात, जपानी वंशाचे म्हणून त्याच ॲरिझोनातल्या पोस्टनच्या छावणीत डांबले गेले होते.

तुमच्यासाठी कामाची गोष्ट: डिस्ट्रिक्टने स्वतःचा अभ्यासक्रम बनवला तर एबी 101 प्रमाणे तो आधी एका जाहीर बैठकीत मांडावा लागतो, आणि मंजुरी त्यानंतरच्या बैठकीत, लोकांचं ऐकून घेऊनच देता येते. पहिल्याच बैठकीला जा. धड्यांची यादी मागा, मुलं कोणती कागदपत्रं वाचणार ते विचारा आणि शिकवणाऱ्यांचं शिक्षण कशात झालंय तेही विचारा.