बचाव मोडला तो हल्ल्यातच

प्रिय कप्तान,

पेडे-म्हापशाची तुमची बास्केटबॉलची मॅच मी गॅलरीत बसून शेवटपर्यंत पाहिली. रात्री तुझा मेसेज आला, ‘सर, आमचे शॉटच पडले नाहीत.’ मला हे पटत नाही.

शॉट कुठून आणि कधी मारले ते आधी बघ. समोरच्या टीमने २-३ झोन लावला, म्हणजे पुढे दोघी, मागे तिघी आणि प्रत्येकीने आपापली जागा राखायची; आणि तुम्ही चेंडू ६.७५ मीटरच्या, तीन गुणांच्या रेषेबाहेरच फिरवत राहिलात. झोन हलवायचा तर फ्री थ्रो रेषेच्या मधोमध कुणीतरी चेंडू घ्यायलाच हवा. तिथे चेंडू गेला की त्यांच्या पुढच्या दोघी मागे वळतात, मागची मधली वर येते आणि बास्केटखाली किंवा कोपऱ्यात आपली कुणीतरी मोकळी होते. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तुमची ७ नंबरवाली डाव्या कोपऱ्यात दोन्ही हात वर करून उभी होती. तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही! शेवटी शॉट घेण्यासाठी मिळणारे २४ सेकंद संपत आले की हातात असेल तिने लांबून भिरकवायचा.

लांबचा शॉट चुकला की चेंडू बहुतेकदा लांबच उसळतो. त्या वेळी तुमच्या चौघी रिबाउंडला, म्हणजे उसळलेला चेंडू पकडायला, आत घुसलेल्या आणि मागे तू एकटी. चेंडू घेऊन त्यांच्या दोघी अंगावर धावून येताना एकटीने काय अडवायचं? मग हात घालून फाउल सुरू झाले. क्वार्टरमधल्या पाचव्या टीम फाउलपासून (सगळ्यांचे मिळून मोजलेले फाउल) त्यांना आयते दोन-दोन फ्री थ्रो मिळत गेले. आपल्या अर्ध्या कोर्टात जागेवर उभं राहून केलेला तुमचा बचाव मात्र चांगला होता, हे मुलींना आवर्जून सांग. त्या खचल्या आहेत.

म्हणून बचावाचे ड्रिल आत्ताच वाढवू नकोस. शॉट सुटताक्षणी दोन्ही गार्डनी, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणाऱ्या दोघींनी, मागे फिरायचं, रिबाउंडला तिघीच, एवढं आधी पक्कं कर. पावसात तुमचं उघडं कोर्ट निसरडं होतं, सराव बुडतो, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये चेंडूशिवाय, चालत चालत या जागा घोटून घ्या.

आणि मोबाइलवरचं शूटिंग पुन्हा बघताना चेंडूवरची नजर काढ. प्रत्येक हल्ल्यासाठी वहीत दोनच गोष्टी लिही: चेंडू मध्ये गेला का, शॉटच्या वेळी मागे कोण होतं. तिसऱ्या क्वार्टरपासून सुरुवात कर. लिहून झालं की त्या पानांचे फोटो पाठव, मग फोनवर सविस्तर बोलू.

तुझा,
सर