सिनेमा नसतानाची नोकरी

अनेक आशीर्वाद.

फोनवर हिरमुसलेली वाटलीस. प्रकाशनातल्या नोकरीत बाकीच्यांना कादंबऱ्या आणि तुझ्या वाट्याला सिनेमांवरून निघणाऱ्या पुस्तकांचं खातं! पण कमी लेखू नकोस त्याला.

'स्टार वॉर्स'चा तिसरा सिनेमा १९८३ चा, पुढचा थेट १९९९ चा. मधल्या काळात मार्व्हलचं कॉमिकही बंद पडलं. अशात १९८८ मध्ये बँटम प्रकाशनाच्या लू अरोनिकाने हे सिनेमे काढणाऱ्या लुकासफिल्म कंपनीला आपणहून पत्र धाडलं, नव्या कादंबऱ्या काढू या म्हणून. लगेच काही उत्तर आलं नाही. होकार आल्यावर त्याने भाराभर लिहून देणारा कुणी न शोधता विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार मिळालेला टिमोथी झान निवडला. 'एअर टू द एम्पायर' १९९१ मध्ये पुठ्ठा बांधणीत आलं आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. सिनेमाची जाहिरात पाठीशी नसताना, बरं का.

आता आतली गंमत. लुकासफिल्मने झानला वेस्ट एंड गेम्स कंपनीने काढलेल्या 'स्टार वॉर्स'वरच्या खेळाची पुस्तकं पाठवली: ग्रह, यानं, परग्रहावरच्या जाती यांतूनच घ्या. तो आधी कुरकुरला, मग म्हणाला, सोयीचं आहे की! तुझ्या टेबलावरही अशीच एक वही हवी. नावं, त्यांचं लेखन, कोण कधी मेला, सगळं तीत. कंटाळवाणं काम आहे, पण ते दुसऱ्यावर सोपवू नकोस. झानने राजधानीच्या ग्रहाला दिलेलं कोरुस्कंट हे नाव पुढे सिनेमानेही उचललं.

उलटंही होतं. २०१४ मध्ये लुकासफिल्मने त्या सगळ्या कादंबऱ्या अधिकृत कथेतून बाहेर काढल्या. दोनच वर्षांनी झानचा खलनायक थ्रॉन 'स्टार वॉर्स'च्याच 'रिबेल्स' या मालिकेत परत आणला. पात्र झानच्या डोक्यातलं, मालकी मात्र कंपनीची. लेखकाने सही करण्याआधी हे त्याला समोर बसवून सांगायचं. तो नाराज होईल, होऊ दे.

मूळ सिनेमाची कादंबरी तर सिनेमाच्या आधी, नोव्हेंबर १९७६ मध्येच बॅलंटाइनने काढली होती. हा सौदा ज्युडी-लिन डेल रे या संपादिकेचा. सिनेमा चालेल याची तेव्हा कुणालाच खात्री नव्हती. पुस्तकावर नाव सिनेमाचा दिग्दर्शक जॉर्ज लुकासचं, लिहिलं ॲलन डीन फॉस्टरने. लुकासफिल्म डिस्नेकडे गेल्यावर रॉयल्टी थांबली, असं याच फॉस्टरने २०२० मध्ये जाहीर केलं. अमेरिकेतली लेखकांची संघटना मागे उभी राहिली म्हणून गवगवा झाला. एकट्या लेखकाचं कोण ऐकतं?

तेव्हा हातात येणाऱ्या पहिल्या करारात मुखपृष्ठाचं कलम नंतर बघ. मालकी दुसऱ्याकडे गेली तर लेखकाचे पैसे कोण देणार, ते आधी शोध. लिहिलेलं नसेल तर तसंच माझ्याकडे घेऊन ये, शनिवारी दुपारनंतर मी घरीच असतो.

तुझा,
काका